टाचेची शीर अंगावर काढू नका

खेळताना मागे सरकून उडी मारली, किंवा बस पकडायला धावताना पहिलंच पाऊल जोरात रेटलं, आणि टाचेच्या वर मागच्या बाजूला फट्कन आवाज आला. मागून कुणी लाथ मारली असं वाटून माणूस वळून बघतो, तर मागे कुणीच नसतं. हा अनुभव रुग्ण इतक्या सारख्या शब्दांत सांगतात की ऐकणाऱ्याला अर्धं निदान तिथेच कळायला हवं. टाचेमागची जी जाड शीर बोटांच्या चिमटीत धरता येते, जिला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, ती तुटलेली असते.

मी फिजिओथेरपी करते. माझ्याकडे अशी माणसं येतात तेव्हा बरेचदा दुखापतीला तीन-चार महिने उलटून गेलेले असतात. पाय मुरगळला असेल म्हणून तेल लावलं, क्रेप बँडेज बांधलं, एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सूज उतरली, दुखणं कमी झालं आणि माणूस कामाला लागला. फक्त चालताना पाय मागे पडतो, जिना चढताना जोर लागत नाही, चवड्यावर उभं राहता येत नाही. मग कुणीतरी सांगतं की आता उशीर झाला, असंच चालायचं. हे ऐकून गप्प बसलेल्या प्रत्येकाला मला सांगायचं आहे की उशीर झाला असला तरी उपाय संपलेले नाहीत. आणि ज्यांची दुखापत कालपरवाची आहे, त्यांना हात जोडून विनंती आहे की ही वेळ येऊ देऊ नका.

आधी हे समजून घ्या की ही दुखापत नजरेतून सुटते कशी. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली एकत्र येऊन या शिरेनं टाचेच्या हाडाला जोडलेले असतात. शरीरातली ही सगळ्यांत जाड आणि मजबूत शीर. टाच उचलून शरीर पुढे ढकलायचं काम तिचं. पण पाऊल खाली दाबणारे आणखीही स्नायू घोट्याच्या आजूबाजूनं जातात: अंगठा वाकवणारा, बाकीची बोटं वाकवणारा, आतल्या बाजूचा एक, बाहेरच्या बाजूचे दोन. मुख्य शीर तुटली तरी हे सगळे मिळून पाऊल थोडंफार हलवतात. डॉक्टरांनी घाईत म्हटलं, ‘पाय खाली दाबा’, आणि पाय हलला, तर शीर शाबूत आहे असा समज होतो. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची ही शीर 12 एप्रिल 2013 च्या सामन्यात तुटली. त्यानंतर त्यानं तशाच पायावर उभं राहून दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही बास्केटमध्ये गेले, आणि तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. चालता येतंय याचा अर्थ शीर जोडलेली आहे, असा होत नाही. तुटलेल्या शिरांपैकी साधारण पाचातली एक पहिल्या तपासणीत लक्षात येत नाही, असं अस्थिरोगाची पुस्तकं सांगतात.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, शीर दिसत नाही. तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर टाचेचा विषय बंद करू नका.

तपासणी तर इतकी सोपी आहे की कुठलंही यंत्र लागत नाही. रुग्णाला पलंगावर पालथं झोपवायचं, दोन्ही पावलं पलंगाच्या कडेबाहेर मोकळी सोडायची आणि आधी चांगल्या पायाची पोटरी मुठीत धरून दाबायची. पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली जातं. मग दुखऱ्या पायाची पोटरी तशीच दाबायची. पाऊल ढिम्म हललं नाही तर शीर तुटल्याची दाट शंका घ्यायची. इंग्लंडमधल्या सिमंड्स यांनी 1957 मध्ये आणि अमेरिकेतल्या थॉम्पसन यांनी 1962 मध्ये ही पद्धत मांडली, आणि आजही जगभर डॉक्टर तिच्यावर विसंबतात. बरेचदा टाचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरवर बोटाला खड्डाही लागतो. दुखापत जुनी असेल तर खड्डा भरून येतो आणि पोटरी दाबण्याची तपासणी फसवू शकते. अशा वेळी पालथं झोपूनच दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून पावलं छताकडे करायला सांगतात. चांगल्या पायाचा चवडा किंचित वर उचललेला राहतो, तुटलेल्या बाजूचा चवडा खाली ढळतो. घरी करून बघण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे भिंतीला हात टेकून एका पायाची टाच उचलणं. दुखापत जुनी असेल तरच हे करा, ताज्या दुखापतीत नको. अनेक महिन्यांनीही एका पायावर टाच उचलता येत नसेल, तर त्या पायाला डॉक्टरांची गरज आहे. सोनोग्राफी किंवा एमआरआय नंतर ते सांगतील, आणि मधली फट किती आहे हे त्यातून नेमकं कळेल.

ताज्या दुखापतीत काय करायचं, हे थोडक्यात सांगते, कारण तिथे मार्ग सरळ आहे. चोळायचं नाही, मालिश करायची नाही, हाडवैद्याकडे ओढून घ्यायचं नाही. पायाला आधार देऊन, त्यावर भार न टाकता, दोन-चार दिवसांत हाडांच्या डॉक्टरांपुढे जायचं. लवकर गेलात तर कदाचित चाकूही लागणार नाही. नॉर्वेमधल्या चार रुग्णालयांत झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात विनाशस्त्रक्रिया उपचार, उघडी शस्त्रक्रिया आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया अशी तुलना केली होती. वर्षाअखेरीस तिन्ही गटांतली माणसं जवळपास सारखीच बरी होती. फरक पडला तो पुन्हा तुटण्यात: शस्त्रक्रिया न केलेल्यांत 100 पैकी सुमारे 6 जणांची शीर परत तुटली, शस्त्रक्रिया झालेल्यांत 1 टक्क्याहून कमी. उलट शस्त्रक्रियेत नसेला इजा होण्याचा धोका जास्त दिसला. म्हणजे दोन्ही वाटा खुल्या असतात, आणि तुमचं वय, काम, खेळ, मधुमेह बघून डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. पण हे सगळं ताज्या दुखापतीचं. चवडा खाली करून पाऊल बांधलं की तुटलेली टोकं जवळ येतात आणि जुळतात. महिना-दीड महिना निघून गेला की ती सोय राहत नाही.

कारण पोटरीचा स्नायू मोकळा सुटलेला असतो. तो वरच्या टोकाला वर ओढून घेतो आणि तिथेच आखडतो. मधल्या फटीत व्रणाची गाठाळ, कमजोर ऊती भरते. कधी शीर जुळतेही, पण लांब होऊन जुळते, आणि मग खाटेची नवार सैल पडल्यावर जे होतं तेच पायाचं होतं: वर भार आला की नुसती खचते, उचलून धरत नाही. स्नायू कितीही जोर करो, तो जोर टाचेपर्यंत पोहोचतच नाही. अशा पायाला केवळ व्यायामानं पूर्वीची ताकद येत नाही. हे मी फिजिओथेरपी करणारी असून सांगते. जुन्या, पूर्ण तुटलेल्या शिरेसाठी महिनोन्‌महिने नुसता शेक आणि व्यायाम घेत राहणं म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणं.

फट लहान असेल, एक-दोन सेंटिमीटर, तर खराब भाग काढून टोकं थेट शिवता येतात. त्याहून मोठी असेल तर वरच्या भागात उलट्या व्हीच्या आकाराचा छेद घेऊन शीर खाली सरकवतात. पण फट पाच सेंटिमीटरच्या आसपास किंवा जास्त असली, किंवा शिल्लक राहिलेली शीरच कुजकी निघाली, तर बाहेरून मदत आणावी लागते. इथे टेंडन ट्रान्सफर कामी येतं. आपल्याच पायातली दुसरी, शाबूत शीर तिच्या जागेवरून सोडवून टाचेच्या हाडात बसवायची.

बहुतेक वेळा निवड होते ती अंगठा खाली वाकवणाऱ्या लांब स्नायूची. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एफएचएल’ असं दिसेल ते हेच. अमेरिकेतल्या वॅपनर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये जुन्या तुटलेल्या शिरेसाठी ही पद्धत वर्णन केली आणि तेव्हापासून ती जगभर रुळली. त्याआधी घोट्याच्या बाहेरच्या बाजूची शीर वापरण्याचा प्रघात होता, आणि आजही काही शल्यविशारद ती किंवा मांडीमागची शीर वापरतात. पण अंगठ्याच्या शिरेच्या बाजूनं बरंच काही आहे. ती अकिलीसच्या अगदी पुढे, खोलवर, शेजारीच असते, त्यामुळे फार लांबून ओढून आणावी लागत नाही. तिच्या ओढीची दिशा जवळपास तीच. चालताना आपण टाच उचलतो त्याच क्षणी तो स्नायूही काम करत असतो, म्हणून मेंदूला त्याला नवं काम शिकवणं सोपं जातं. शिवाय त्याचा मांसल भाग घोट्याजवळ अगदी खालपर्यंत येतो. अकिलीसचा हाच भाग रक्तपुरवठ्याला मुळात गरीब असतो. तिथे जिवंत, रक्तानं भरलेला स्नायू शेजारी येऊन बसला की दुरुस्तीला बळ मिळतं.

शस्त्रक्रिया साधारण अशी होते. कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात, रुग्णाला पालथं झोपवतात. टाचेमागे छेद घेऊन आधी अकिलीसचा खराब भाग साफ करतात. मग अंगठ्याची शीर घोट्यामागे किंवा तळव्यात पुढे जाऊन कापतात, टाचेच्या हाडात बोगदा पाडून त्यात ओढून घेतात आणि एका खास स्क्रूनं जखडतात. स्क्रू पुष्कळदा हाडात विरघळणारा असतो, तो काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागत नाही. अकिलीसची उरलेली टोकं जमतील तितकी जवळ आणून याच स्नायूला शिवतात. काही ठिकाणी हे काम दुर्बिणीतून छोट्या छेदांनीही होतं, आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांच्यासाठी ते विचारून घेण्यासारखं आहे.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. अंगठ्याचं काय होणार? अंगठा लुळा पडत नाही. त्याच्या मुळाशी दुसरा छोटा स्नायू असतो, तो अंगठा जागेवर धरून ठेवतो. टोकाचं पेर जोरात खाली दाबण्याची ताकद मात्र कमी होते. रोजच्या चालण्यात बहुतेकांना ते जाणवतही नाही. धावपटू, नर्तक, डोंगर चढणारे यांना जाणवू शकतं, आणि त्यांनी हे डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगावं. कथक किंवा भरतनाट्यम करणाऱ्या मुलीसाठी वेगळी शीर निवडण्याचा विचार होऊ शकतो.

खोटी आशा मी देणार नाही. पोटरीच्या मूळ स्नायूच्या मानानं अंगठ्याचा स्नायू फार छोटा आहे. काम अंगावर पडल्यावर तो वाढतो, जाड होतो, पण दोन्ही पाय तंतोतंत सारखे होत नाहीत. पोटरी थोडी बारीक राहते. उंच उडी, वेगानं धावणं पूर्वीसारखं होईल याची खात्री कुणी देऊ नये. पण लंगडणं जाणं, जिना दमदारपणे चढता येणं, एसटीच्या पायरीवर भरवशानं पाय ठेवता येणं, दिवसभर उभ्यानं दुकान किंवा वर्ग चालवता येणं, हे बहुतेकांना मिळतं. महिनोन्‌महिने फरफटत चाललेल्या माणसाला यापेक्षा मोठं काय हवं असतं?

ही शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी नाही. टाचेमागची कातडी पातळ असते, तिच्याखाली मांसाचा थर नसतो, म्हणून जखम चिघळली तर भरायला फार त्रास देते. मधुमेह ताब्यात नसेल तर आधी तो आणा, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी दाखवा. सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री, गुटखा यातलं काहीही चालू असेल तर शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बंद करा आणि नंतरही बंदच ठेवा. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त मिळत नाही. आपल्याकडे बायका मिश्रीला व्यसनात धरत नाहीत, डॉक्टरांनी विचारल्यावर नाही म्हणतात. कृपा करून सांगा. फार वय झालेलं असेल, हालचाल घरापुरतीच असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर घोट्याला आधार देणारा पट्टा आणि बुटाची टाच उंच करून घेणं हाही सन्मानाचा उपचार आहे.

शस्त्रक्रिया चांगली झाली की काम झालं असं घरच्यांना वाटतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पहिले दोन आठवडे चवडा खाली केलेल्या स्थितीत प्लास्टर, त्या पायावर भार नाही, पाय उशीवर उंच. टाके साधारण दोन ते तीन आठवड्यांनी निघतात. मग टाचेखाली पाचरी घातलेला बूट, आणि डॉक्टर सांगतील तशी एकेक पाचर कमी करत पाऊल हळूहळू काटकोनात. बूट सुटायला अडीच-तीन महिने धरा, धावायचा विचार सहा महिन्यांच्या आधी नाही, आणि ताकद वर्षभर वाढत राहते. प्रत्येक डॉक्टरांचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. तुमच्या डॉक्टरांचं पाळा, शेजारच्याचं नको.

या काळात आपल्या घरांतली सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे उकिडवं बसणं. टाच जमिनीला टेकवून खाली बसलं की पाऊल वर वाकतं आणि नवी जोडणी ताणली जाते. भारतीय पद्धतीच्या संडासात बसताना हेच होतं. शस्त्रक्रियेच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेवा. गावाकडच्या घरात ती भाड्यानं मिळाली नाही तर लाकडी खुर्चीला भोक पाडून करून घ्या, पण किमान तीन महिने, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत, खाली बसू नका. न्हाणीघर ओलं असतं, तिथे कुबड्या घसरतात, म्हणून आंघोळ खुर्चीवर बसून. जिन्याच्या घरात झोपण्याची सोय खाली करा. उजवा पाय असेल तर गाडीचा ब्रेक दाबण्याइतका जोर येईपर्यंत गाडी चालवायची नाही.

पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती चोळू नका. आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट रुग्णालयात. जखमेतून पाणी येणं, कडा काळ्या पडणं, ताप येणं यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

फिजिओथेरपी पैसे वाचवायला सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. रोज येणं परवडत नसेल तर तसं सांगा. आठवड्यातून एकदा येऊन व्यायाम नीट शिकून घेतला आणि घरी नेमानं केला तरी चालतं. अंगठा दाबून टाच उचलण्याचं नवं काम त्या स्नायूला शिकवावं लागतं. ते स्क्रू शिकवत नाही, माणसालाच करावं लागतं.

ही शीर तुटण्याची आपल्याकडची काही कारणं अशी आहेत की ती टाळता येतात. संडासाच्या भांड्यात पाय घसरून, चिनी मातीचं भांडं फुटून टाचेमागे कापतं. बाहेरून जखम दोन बोटांएवढी दिसते, कातडीला टाके घालून माणसाला घरी पाठवतात, आणि आत तुटलेली शीर तशीच राहते. विळा, पत्रा, काच यांच्या जखमांतही हेच घडतं. टाचेमागे कापलं असेल तर टाके पडण्यापूर्वी ‘शीर बघितली का?’ हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. मोटरसायकलवर मागे बसलेल्या मुलांची टाच चाकाच्या आऱ्यांत जाते, तेव्हा कातडी आणि शीर दोन्ही सोलवटून निघतात. मुलाचे पाय पायदानापर्यंत पोहोचत नसतील तर त्याला मागे बसवू नका, आणि चाकाला जाळी लावून घ्या.

औषधांचंही ऐका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांनी टाचेची शीर दुखावते, कधी तुटतेही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका अधिक. जुलाब झाले की दुकानातून स्वतःहून या गोळ्या आणून खाऊ नका. डॉक्टरांनी दिल्या असतील आणि टाच दुखू लागली तर लगेच त्यांना कळवा. तसंच टाच दुखते म्हणून या शिरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन मागू नका. आठवडाभर बरं वाटेल, पण शीर कमजोर होऊ शकते.

खर्चाचं दडपण खरं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतात. रेशन कार्ड, आधार आणि तपासण्यांचे कागद घेऊन आधी त्यांना भेटा आणि तुमची शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. वैद्यकीय महाविद्यालयांच्या अस्थिरोग विभागातही दाखवता येतं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: फट किती आहे, कुठली शीर वापरणार, माझ्या कामावर मी कधी जाऊ शकेन, व्यायाम कोण शिकवणार.

शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आपलं काम लपवू नका. दुखापत जुनीच असेल तर पेरणी किंवा मुलीचं लग्न आटोपून आलात म्हणून सहसा मोठं बिघडत नाही. दुखापत ताजी असेल तर मात्र कुठल्याही कामासाठी थांबू नका. शेतकऱ्यानं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं की माझं काम चिखलात आणि बांधावर चालण्याचं आहे, आणि त्या मानानं निदान चार-सहा महिने घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाती काम सोपवायची व्यवस्था आधीच लावावी.